दुहेरी खाडा ते दहापट भरपाई

मुंबईच्या कापड गिरण्यांत 'दुहेरी खाडा' नावाचा रिवाज होता. कामगार एक दिवस आला नाही, की त्याच्या पगारातून दोन दिवसांचे पैसे कापायचे. पहिला दिवस न केलेल्या कामाचा. दुसरा मात्र त्याने साच्यापुढे उभे राहून केलेल्या कामाचा. मूल तापाने फणफणलेले असो की गावाहून मयताची तार आलेली असो, वजावट ठरलेली. किती कापले ते पगाराच्या दिवशी हातावर पैसे पडले की कळे, आणि दाद मागायला जागा नव्हती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या दंडांची आणि वजावटींची चौकशी केली, म्हणून हा रिवाज सरकारी दप्तरात नोंदला तरी गेला.

आजचा कायदा नेमके उलटे सांगतो. मालकाने मजुरी बुडवली किंवा थकवली, तर ती रक्कम द्यायचीच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायची. कामगाराच्या खिशातून मालकाकडे जाणारा दंड मालकाच्या खिशातून कामगाराकडे वळायला शंभर वर्षे लागली, आणि तो अजून पुरता वळलेला नाही. वसई-विरारमध्ये हे रोज दिसते. रेल्वे लाइनच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली भागात भाड्याच्या गाळ्यांत शेकडो छोटे कारखाने चालतात. सकाळी नालासोपाऱ्याच्या, विरारच्या नाक्यांवर गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. हायवे ओलांडून आत गेले की वीटभट्ट्या लागतात. तिन्ही ठिकाणी भाषा वेगळी, माणसे वेगळी; उत्तर प्रदेश-बिहारची, मराठवाड्याची, जव्हार-मोखाड्याची. गाऱ्हाणे एकच: केलेल्या कामाचे पैसे राहिले.

मजुरी न देणाऱ्याला दंड ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे. वेतन दिले नाही तर वेतनाच्या दहाव्या हिश्शाइतका दंड किंवा ६ पण (तेव्हाचे नाणे). आणि देणे लागतो हेच नाकारले तर १२ पण किंवा पाचवा हिस्सा. याज्ञवल्क्यस्मृतीत दुसरी बाजू दिसते: वेतन घेऊन काम सोडणाऱ्या नोकराने दुप्पट परत करावे. मालक चुकला तर दहावा हिस्सा आणि मजूर चुकला तर दुप्पट, असे हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले की दिसते. ग्रंथ वेगळे, काळ वेगळा, हे मान्य. पण गिरणीतल्या दुहेरी खाड्यामागची वृत्ती फार जुनी होती एवढे त्यातून नक्की कळते.

इंग्रजी अमदानीत या वृत्तीला फौजदारी कायद्याचे बळ मिळाले. १८५९ साली १३ वा कायदा झाला. आगाऊ उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर काम अर्धवट टाकून गेला, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेट पैसे फेडायला किंवा काम पुरे करायला सांगणार. मजुराने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. उचल बुडवणारा मजूर तुरुंगात, आणि मजुरी बुडवणारा मालक मात्र फार तर दिवाणी दाव्याचा धनी. पोटाला महाग असलेला माणूस दिवाणी दावा कसा लावणार? हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला आणि १९२६ मध्ये तो पुस्तकातून गेला. म्हणजे जवळजवळ ६७ वर्षे तो अंमलात होता.

त्याच १८५९ सालच्या जानेवारीत खंडाळ्याच्या भोर घाटात वेगळेच घडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा घाटरस्ता तेव्हा फोडला जात होता. हजारो मजूर बोगद्यांवर आणि भरावावर राबत होते. फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे काम होते, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम. मजुरी या पायऱ्यांवरून खाली येता येता आटत होती आणि लांबत होती. अखेर मजूर खवळले. त्या दंगलीत एक युरोपीय मारला गेला, चौकशी बसली, आणि दोनच महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्यामागोमाग १८६० चा ९ वा कायदा आला. रेल्वे, कालवे आणि अशा सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरीच्या तंट्याचा झटपट निवाडा करण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटला दिला. मजुरीचा तंटा हा दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे कुजवण्याचा विषय नाही, तो लगेच मिटवायचा असतो, हे सरकारने इथे पहिल्यांदा कबूल केले. ते मजुरांच्या कळवळ्याने नव्हे, रेल्वेचे काम अडू नये म्हणून. तरी मजुरीच्या कायद्यांच्या कुळातला मूळ पुरुष शोधायचा तर तो मला भोर घाटातच सापडतो. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि सगळ्यात खाली मजूर ही तिथली उतरंड आज विरारच्या कुठल्याही इमारतीच्या कामावर जशीच्या तशी आहे.

मजुरी वेळेवर मिळावी ही मागणी कामगारांनी स्वतः लेखी मांडली ती १८८४ साली. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांची बाजू लावून धरत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, अपघात झाल्यास भरपाई. आणि यांच्या बरोबरीने एक मागणी अशी, की ज्या महिन्याचे काम त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. रविवारची सुटी १८९० साली मिळाली आणि ती आपण सगळे लक्षात ठेवतो. पगाराच्या तारखेची मागणी मात्र कुणाला आठवत नाही. पुढच्या महिन्याची १५ तारीख ही मागणी म्हणून करावी लागते, म्हणजे तेव्हा पगार त्याहूनही उशिरा होत असणार. महिन्याच्या १ तारखेला केलेल्या कामाचे पैसे हातात पडायला दीड महिना. तोवर चूल वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. मालकाकडे कामगाराचे बिनव्याजी पैसे पडून, आणि कामगार मात्र व्याज भरतोय, असा हा व्यवहार होता.

दीड महिन्याचा पगार अडकलेला माणूस नोकरी सोडूही शकत नसे. सूचना न देता गेला तर राहिलेला पगार जप्त. विणकामात कापडाला डाग पडला, धागा सुटला, तर ते खराब कापड त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करत. महिनाभर राबून घरी जाताना पैशांऐवजी काखेत डागाळलेल्या कापडाचा तागा, असे दृश्य गिरणगावाने पाहिले आहे. इंग्लंडात मजुरी मालाऐवजी रोकड पैशातच द्यावी असा कायदा १८३१ सालीच झाला होता. तोच इंग्रज इथे राज्य करत असताना मुंबईच्या विणकराला त्यासाठी आणखी १०५ वर्षे थांबावे लागले.

१९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आठवड्याला पगार देण्याचे खासगी विधेयक आले आणि सरकारने विचार करतो म्हटल्यावर ते मागे घेतले गेले. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचे रॉयल कमिशन आले. त्यावर कामगार नेते ना. म. जोशी होते. या कमिशनला सहकार्य करायचे की त्यावर बहिष्कार घालायचा, या वादात १९२९ च्या अखेरीस नागपूरला आयटक ही अखिल भारतीय कामगार संघटना दुभंगली आणि जोशी बाहेर पडले. त्यांच्यावर तेव्हा मवाळ म्हणून बरीच टीका झाली. मला वाटते, या एका बाबतीत तरी काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला आहे, कारण १९३१ च्या व्हिटली अहवालातून मजुरीच्या कायद्याची वाट निघाली. १९३३ साली विधेयक आले, कायदेमंडळ विसर्जित झाल्याने ते बारगळले, १९३५ मध्ये पुन्हा आले, १९३६ साली मंजूर झाले आणि २८ मार्च १९३७ पासून 'वेतन प्रदान अधिनियम' लागू झाला.

हा कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. हजाराहून कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. लोखंड्यांनी मागितलेल्या १५ तारखेच्या जागी ७ तारीख आली, ५२ वर्षांनी. पगार नाण्यात किंवा नोटेतच द्यायचा, कापडात नाही. कामगाराला दंड करायचा तर कोणत्या चुकांसाठी ते आधी जाहीर करायचे; दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको; दंडाची नोंदवही ठेवायची; आणि जमलेले पैसे मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्याच हितासाठी वापरायचे. रुपयामागे अर्धा आणा म्हणजे शेकडा ३ च्या आसपास. आजही कायद्यात दंडाची कमाल मर्यादा ३ टक्केच आहे. ती कुठून आली ते या अर्ध्या आण्यात दिसते.

गैरहजेरीचे पैसे गैरहजेरीइतकेच कापायचे, असे याच कायद्याने ठरवले आणि दुहेरी खाडा बेकायदा झाला. पण त्याच कलमात मालकांनी एक खुंटी ठोकून घेतली. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येईल. एकट्याचा दुहेरी खाडा गेला आणि एकजुटीचा आठपट खाडा आला. ही खुंटी २०१९ च्या नव्या संहितेतही तशीच ठेवली आहे.

आता मालकाच्या दंडाकडे वळू. 'दहापट' इथे जन्मली. मजुरी बेकायदा कापली असेल, तर कापलेली रक्कम आणि तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला मिळाला. हे मोठेच पाऊल होते, कारण भरपाईचे पैसे सरकारजमा न होता कामगाराच्या हातात जाणार होते. परंतु मजुरी कापली नाही, नुसती थकवली, तर? तेव्हा भरपाई जास्तीत जास्त १० रुपये. आणि कामगाराने खोडसाळपणे दावा केला असे ठरले तर त्याने मालकाला द्यायची रक्कम ५० रुपयांपर्यंत. पगार महिनोन्महिने थकवणाऱ्या मालकाला १०, आणि खोटा ठरलेल्या कामगाराला ५०! पुढे १९६४ साली १० चे २५ रुपये झाले आणि २५ वर तो आकडा तब्बल २००५ पर्यंत थांबला. २१ व्या शतकाची चार वर्षे उलटली तरी पगार थकवण्याची कायदेशीर किंमत वडापाव-चहाच्या खर्चाइतकी होती. २००५ च्या दुरुस्तीने ती किमान १,५०० आणि कमाल ३,००० केली.

गिरण्या आणि रेल्वे सोडून बाहेर शेतात, रानात राबणाऱ्यांसाठी १९३६ चा कायदा नव्हताच. आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि त्याच्या पलीकडे, डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात, वारली वेठीवर जात होते. मुंबई सरकारच्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात इथल्या मजुरीचा दर लिहून ठेवला आहे: वेठीच्या दिवसाला फार तर एक आणा, बहुधा तेही नाही, एका माणसाला एका वेळेला जेमतेम पुरतील एवढे तांदूळ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या दारी राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत, आणि त्याची बायकोही त्याच कर्जात बांधली जाई. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे गेले. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरले. पाठोपाठ ऑक्टोबरात गवतकापणीचा संप. मागणी ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये आणि रोजंदारी १२ आणे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. वारली मागे हटले नाहीत. मजुरी बुडवणाऱ्याला शिक्षा देणारे एकही कलम त्यांच्या हाताशी नव्हते. उभ्या गवताला विळा न लावणे हीच त्यांनी जमीनदाराला केलेली शिक्षा होती, आणि ती लागू पडली.

१९४८ साली किमान वेतन कायदा आला. त्यात शेतीही होती, आणि किमान दरापेक्षा कमी दिल्यास फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई हेही होते. दहापट अशी शेतापर्यंत गेली, कागदावर. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि कर्ज आपोआप रद्द. तेही बरीच वर्षे कागदावरच.

कागदावरून जमिनीवर येण्याची गोष्ट वसई तालुक्यात घडली. १९८२ साली दहिसर गावातल्या आदिवासी वेठबिगारांच्या लढ्यातून विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली. मुंबईपासून लोकलने दीड तासावर माणसे कर्जापायी दुसऱ्याची होती, हे त्या वेळी पुष्कळांना खरे वाटत नव्हते. त्याच वर्षी, १८ सप्टेंबर १९८२ ला, सर्वोच्च न्यायालयाने एशियाड खटल्याचा, म्हणजे आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्याचा, निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांनी त्यात सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच आहे आणि ती घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध आहे. भुकेची सक्ती ही बंदुकीच्या सक्तीइतकीच खरी, हा त्या निकालाचा गाभा. मजुरी कमी देणे हा तोवर हिशेबातला गैरव्यवहार होता. आता तो घटनेचा भंग ठरला. दिल्लीचा निकाल आणि दहिसरचा लढा एकाच वर्षी यावेत हा योगायोग असेल, पण एकमेकांवाचून दोन्ही लंगडे राहिले असते असे मला वाटते. निकाल बजावायला गावात माणसे उभी लागतात.

वीटभट्टीवर मजुरी कशी बुडते ते जवळून पाहावे लागते, कारण तिथे कोणी 'देत नाही' असे म्हणत नाही. पावसाळा सरता सरता मालकाचा माणूस पाड्यावर येतो आणि उचल देऊन जातो. घरात सणाला, आजारपणाला पैसा नसतो, तेव्हा ती घेतली जाते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर येते. कच्च्या विटा एकावर एक रचून, वर पेंढा टाकून भोंगा उभा राहतो, तेच घर. विधायक संसद या संस्थेने या मुलांसाठी १९९० च्या दशकात शाळा काढल्या, त्यांचे नावच भोंगा शाळा. नवरा-बायको मिळून माती कालवतात, विटा थापतात. मजुरी हजार विटांमागे, दोघांची मिळून एक. आठवड्याच्या बाजाराला खावटी म्हणून थोडे पैसे. सगळे मालकाच्या वहीत. मजुराकडे वही नसते, असली तरी वाचता येत नाही. मे अखेरीस हिशेब होतो. थापलेल्या विटांतून फुटलेल्या वजा, पावसाने भिजलेल्या वजा, मग उचल वजा, खावटी वजा, मध्ये डॉक्टरला दिलेले वजा. वही मिटते आणि कळते, की उलट काही हजार अंगावर बाकी आहेत. ती फेडायला पुढच्या दिवाळीला याच भट्टीवर यायचे. सहा-सात महिने दोन माणसे पहाटेपासून राबली आणि शेवटी देणेकरी ठरली. त्या वहीतला प्रत्येक आकडा क्षणभर खरा धरला तरी, दोघांच्या दिवसांना किमान वेतनाच्या दराने गुणून पाहिले, की बाकी कोणाची कोणाकडे निघते ते दिसते. हा गुणाकार कुणी करायचा, हा प्रश्न आहे.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने २९ मार्चला आदेश काढला, की कारखाना बंद असला तरी पगार पूर्ण द्या. मालक न्यायालयात गेले. आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने, मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोघांनी वाटाघाटीने मिटवावे, असे सांगितले. त्याच मे महिन्यात वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक रेल्वेगाड्यांसाठी हजारो मजूर उन्हात बसले होते. जो माणूस गावी परत निघालाय आणि ज्याच्या मोबाइलमध्ये रिचार्जलाही पैसे नाहीत, त्याने मालकाशी कोणत्या टेबलावर बसून वाटाघाटी करायच्या होत्या? त्या निकालातला हा भाग मला आजही पटत नाही.

आता १९३६ आणि १९४८ चे दोन्ही कायदे गेले. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात चांगले बरेच आहे. पूर्वी ठरावीक पगाराच्या वर असलेल्याला १९३६ चा कायदा लागू नसे. ती मर्यादा गेली. रोजंदाराचे पैसे पाळी संपताना, आठवड्यावर असलेल्याचे आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याचे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सुटले, सोडले किंवा काढून टाकले, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. दावा करायची मुदत तीन वर्षे. १९३६ साली ती सहा महिने होती. पैसे दिले की नाही याचा पुरावा देण्याची जबाबदारी मालकावर. कमी दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत पुन्हा तेच केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण तिच्या फटीही पाहायला हव्यात. मजुरी कमी देण्याखेरीज संहितेच्या इतर तरतुदी मोडल्या, तर पहिल्या वेळी खटला भरण्याआधी निरीक्षकाने मालकाला लेखी कळवून चूक सुधारायची संधी द्यायची आहे. पत्र आल्यावर सुधारले, की खटला नाही. मजुरी कमी दिल्याचा खटला झालाच तर कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटवता येतो, म्हणजे २५,०००, आणि तेही सरकारजमा. कामगाराच्या हाती पडायची ती दहापट, पण ती 'दहापटीपर्यंत' आहे. प्राधिकाऱ्याने शून्यपट दिली तरी कायदा मोडत नाही. २००५ च्या दुरुस्तीत निदान १,५०० रुपयांचा तळ होता. नव्या संहितेत छत आहे, तळच नाही. माझे स्पष्ट मत आहे, की थकवलेल्या मजुरीइतकी, एकपट तरी, भरपाई सक्तीची हवी. ती प्राधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

आणि आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असे नाही. मालकाने पाळला नाही तर प्राधिकारी वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतो. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ती वसूल करायची. पालघरहून कागद वसईच्या तहसीलदाराकडे, तिथून तलाठ्याकडे. तलाठी गाळ्यावर जातो तेव्हा गाळा भाड्याचा निघतो, यंत्रे हललेली असतात, पाटी दुसऱ्याच नावाची असते. इकडे प्रत्येक तारखेला कामगाराचा एक रोज बुडतो. आठ-दहा हजारांच्या मजुरीसाठी चार-सहा खाडे कोण करणार? मालक हाच हिशेब करून बसलेला असतो.

म्हणून दोन विनवण्या. नाक्यावर, गाळ्यात, भट्टीवर काम करणाऱ्या भावा-बहिणींनी हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवावी. मुकादमाच्या डायरीतल्या पानाचा मोबाइलवर फोटो, फोनवर आलेला पैशांचा मेसेज, कामाच्या जागेचा पत्ता, एवढ्यावरही दावा उभा राहतो, आणि पुराव्याचे ओझे आता मालकावर आहे. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून जावे. एकाच मालकाविरुद्ध अनेकांचा एकत्र अर्ज चालतो.

दुसरी विनवणी वसई-विरारच्या सोसायट्यांना. दर उन्हाळ्यात आपण इमारतीचे रंगकाम काढतो, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतो. काम कंत्राटदाराला देतो आणि त्याच्या मजुरांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. मोठ्या आस्थापनांत कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मुख्य मालकाने ती द्यायची, असे कायदा १९७० पासून सांगतो. आपल्या छोट्या सोसायटीला ते कलम लागू नसेल, तरी रीत तीच ठेवता येईल. कंत्राटदाराचा शेवटचा चेक फाडण्याआधी सेक्रेटरींनी खाली जाऊन मजुरांना विचारावे, "दादा, तुमचा सगळ्यांचा हिशेब झाला का?" नाही म्हणाले, तर त्यांचे पैसे त्यांच्या हातात पडेपर्यंत तो चेक देऊ नका.